गाळाच्या धरणातले पाणी

पैठणजवळ गोदावरीवर असलेले जायकवाडीचे मातीचे धरण सुमारे 10 किलोमीटर लांब असून त्याची पायाभरणी 1965 मध्ये, तर उद्घाटन 1976 मध्ये झाले. अशा धरणात चिकणमातीचा गाभा पाणी अडवतो, मुरमाची आवरणे त्याला दोन्ही अंगांनी तोलून धरतात आणि गाभ्यातून झिरपलेले थोडे पाणी वाळूच्या गाळणीतून पायथ्याच्या चरात उतरते. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या धरण-अभियंत्याची नजर पाहणीत जलाशयाआधी पायथ्याच्या पाझराकडे जाते. पाझर निर्मळ असेल तर चिंता कमी. गढूळ असेल, तर धरणाची माती आतून वाहून जात आहे असे समजावे लागते.

हीच नजर खाणीच्या टेलिंग-धरणाकडे, म्हणजे खनिज काढून घेतल्यावर उरलेला बारीक, ओला गाळ अडवणाऱ्या बांधाकडे वळली, की तिला पहिल्यांदा खटकते ते हे, की येथे बांध एकदा बांधून संपत नाही. खाण चालते तोवर तो थरांनी चढत राहतो, आणि सर्वांत स्वस्त अशा अपस्ट्रीम पद्धतीत तर प्रत्येक नवा थर आतल्या बाजूला सरकून आधीच्या अर्धवट निचरलेल्या गाळावरच उभा केला जातो. ज्याला अडवायचे त्याच्यावरच भार टाकण्याचा हा व्यवहार काटकसरीचा खरा, पण धरणशास्त्राच्या दृष्टीने उफराटाच. असा सैल गाळ पाण्याने भरलेला असताना त्यावरचा दाब कणांऐवजी पाणी पेलू लागते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि घट्ट भासणारा उतार काही क्षणांत वाहू लागतो. यालाच द्रवीभवन म्हणतात.

विदर्भातल्या वीज केंद्रांची ओली राख अडवणारे बंधारे या धरणांचे सख्खे भाऊबंद होत. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीच्या काळात कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील बंधारा फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यात शिरले होते.

ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे 25 जानेवारी 2019 रोजी अपस्ट्रीम पद्धतीचे 86 मीटर उंचीचे धरण कोसळले आणि 270 माणसे गेली. तज्ज्ञांच्या चौकशीत निचऱ्याचा अभाव आणि पाण्याची चढलेली पातळी ही कारणांपैकी ठरली, शिवाय कोसळण्यापूर्वी मोजमापाच्या उपकरणांनी लक्षणीय हालचाल दाखवलीच नव्हती. उपकरणे हवीतच, परंतु ती निचऱ्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि गाळ सोडणे थांबले म्हणून धोका संपत नाही: ब्रुमाजिन्योच्या त्या धरणात ते 2016 मध्येच थांबले होते.