आईच्या संगीतशाळेतला रँडी

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे जाणारा दहा क्रमांकाचा महामार्ग धरला, की सुमारे ९५ किलोमीटरांवर सॅन बर्नार्डिनो लागते. एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पाट्या वाचल्याखेरीज कळू नये इतकी वस्ती वाटेत सलग आहे. डाव्या हाताला मात्र डोंगरांची रांग शेवटपर्यंत सोबत करते. एके काळी हा सारा भाग संत्र्यांच्या बागांचा होता. १९११ सालापासून इथे संत्र्यांची मोठी जत्राच भरू लागली. नागपूरकरांनी ती पाहिली असती, तर थोडा मत्सर वाटून घेतला असता. पुढे बागा गेल्या, घरे आली. जगभर पसरलेल्या मॅकडोनाल्ड्सचे पहिले दुकान दोघा मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४० मध्ये याच गावात उघडले. गावाचे दिवस नंतर फिरले. हवाई दलाचा तळ १९९४ मध्ये बंद झाला, तर २०१२ मध्ये नगरपालिकेनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. पर्यटक इथे सहसा थांबत नाहीत. डोंगरावरच्या तळ्यांकडे आणि बर्फाकडे जाताना गाडीत पेट्रोल भरण्यापुरतेच उतरतात.

डोंगराच्या उतारावर बाणाच्या टोकाच्या आकाराची एक भली मोठी नैसर्गिक खूण आहे. दुरूनही ती स्पष्ट दिसते आणि गावकऱ्यांना तिचे कौतुक आहे. याच डोंगरांच्या पायथ्याला, हायलंड ॲव्हेन्यूवर, माउंटन व्ह्यू नावाची दफनभूमी आहे. इथे मात्र लोक मुद्दाम येतात. पाठीवर गिटार अडकवलेली मुले येतात, केस पिकलेले आणि काळे टी-शर्ट घातलेले गृहस्थ येतात, कधी त्यांच्यासोबत जरा गोंधळलेली नातवंडेही असतात. दगडी बांधणीच्या एका छोट्या समाधीपाशी ती सारी थांबतात. गिटारच्या तारा छेडण्याची प्लॅस्टिकची छोटी पट्टी खिशातून काढून तिथे ठेवतात. आपल्याकडे समाधीवर फूल वाहावे, तसेच ते.

इथे रँडी रोड्स विसावला आहे. वय वर्षे २५.

हेवी मेटल हा शब्द ऐकला, की घरातली वडीलधारी माणसे आवाज कमी करायला उठतात. त्यांचा फारसा दोषही नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत केलेला, ढोल कानठळ्या बसवणारे, गाणाऱ्याचा आविर्भाव अंगात आल्यासारखा! पण या गदारोळात पहिल्या फळीचा ठरलेला हा गिटारवादक घडला तो आईच्या शिकवणीच्या वर्गात. त्याची ओळख करून घ्यायची, तर सॅन बर्नार्डिनोहून पुन्हा पश्चिमेला वळून नॉर्थ हॉलिवुडला जायला हवे.

नाव ऐकून फसू नये. नॉर्थ हॉलिवुड म्हणजे नटनट्यांच्या बंगल्यांचे हॉलिवुड नव्हे. मध्ये डोंगर आहे आणि त्याच्या पलीकडे सॅन फर्नांडो खोऱ्याचा सपाट, उन्हाळ्यात भाजून काढणारा मुलूख आहे. इथेही पूर्वी पीचच्या बागा होत्या आणि गावाचे नाव होते लँकरशिम. हॉलिवुडच्या नावाचा लाभ मिळावा म्हणून १९२७ मध्ये ते बदलण्यात आले. या साध्यासुध्या वस्तीत डेलोरेस रोड्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस संगीतशाळा काढली आणि तिला ‘म्युझोनिया’ असे नाव दिले. डेलोरेसबाई संगीतात पदवी घेतलेल्या. त्या काळात बाईने ट्रंपेट वाजवणे फारसे रूढ नव्हते, पण बाई ट्रंपेट वाजवत.

रँडीचा जन्म ६ डिसेंबर १९५६ चा. तो तीन भावंडांत धाकटा. तो दीड वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा वडील घर सोडून गेले. वडीलही संगीतशिक्षकच होते. पुढे शाळा आणि तीन मुले, दोन्हींचा भार डेलोरेसबाईंनी एकटीने वाहिला. घरात रेकॉर्ड प्लेयर नव्हता. गाणे ऐकायचे तर ते आपणच वाजवायचे! सहा-सात वर्षांच्या रँडीच्या हाती आजोबांची जुनी गिटार आली. आईने त्याला पियानोही शिकवला, तो अशासाठी की स्वरलिपी वाचता यावी. पुढे त्याला गिटार शिकवणाऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी एके दिवशी डेलोरेसबाईंना सांगितले, की मला येते ते सारे याला आले, आता मी काय शिकवू? असे सांगणारा गुरू भेटणे हेही भाग्यच म्हणायचे.

१९७१ मध्ये थोरल्या भावाबरोबर त्याने ॲलिस कूपर या गायकाचा कार्यक्रम पाहिला आणि आपल्याला काय व्हायचे आहे, हे त्याला उमगले. बर्बँकच्या शाळेतल्या मित्राला हाताशी धरून त्याने जुळवाजुळव सुरू केली. त्यातूनच पुढे क्वायट रायट हा बँड उभा राहिला. मात्र या काळात आईची शाळा सुटली नाही. दिवसभर म्युझोनियात तो लहानमोठ्या मुलांना गिटार शिकवायचा आणि रात्री क्लबांमध्ये वाजवायचा. शिकवण्यामुळेच आपला हात तयार झाला, असे पुढे मुलाखतीत तो मोकळेपणी सांगे.

नॉर्थ हॉलिवुडहून निघणारा लॉरेल कॅन्यनचा वळणावळणांचा रस्ता डोंगर ओलांडतो. पलीकडे उतरताच त्याचे नाव क्रेसेंट हाइट्स होते आणि तो सांता मोनिका बुलेव्हार्डला जाऊन मिळतो. त्या कोपऱ्यावर स्टारवूड नावाचा क्लब होता. क्वायट रायटचे कार्यक्रम तिथे वारंवार होत आणि गर्दीही चांगली जमे. तरीही अमेरिकेतल्या कंपन्यांनी बँडला दारात उभे केले नाही. १९७८ मध्ये त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या फक्त जपानमध्ये! आपल्याच गावात आपली तबकडी मिळत नाही, हे दुःख कलावंतालाच ठाऊक. स्टारवूड १९८१ मध्ये बंद पडला.

१९७९ मध्ये ऑझी ऑस्बर्न लॉस एंजेलिसला होता. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या गाजलेल्या बँडने त्याला काढून टाकले होते आणि तो दारूत बुडाला होता. नव्या बँडसाठी गिटारवादकाचा शोध चालू होता. रँडी तिथे गेला तो फारसा उत्साहाने नव्हे. सरावाचा छोटा ॲम्प्लिफायर जोडून हात मोकळा करण्यासाठी त्याने चार तुकडे वाजवले आणि परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल लागला. दोघे एकमेकांचे अगदी उलट. एक बेफाम, बोलेल ते आणि करील ते थोडे. १९८२ च्या जानेवारीत भर रंगमंचावर वटवाघळाचे डोके चावणारा हाच तो. दुसरा लहानखुरा, सडपातळ, मवाळ बोलणारा मास्तर.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात १९८० च्या वसंतात त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ तयार झाली. बेस वाजवणारा बॉब डेझली गाण्यांचे शब्दही लिही आणि ढोलांवर ली कर्सलेक होता. एकट्या अमेरिकेत या ध्वनिमुद्रिकेच्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिच्यातले ‘क्रेझी ट्रेन’ हे गाणे आजही क्रीडांगणांवर वाजते. रँडीचा मेहनतीपणा ऐकायचा, तर त्याच्या एकल वादनाच्या जागा नीट ऐकाव्यात. तेच वादन तो दोनदा, कधी तीनदा हुबेहूब वाजवून एकमेकांवर ध्वनिमुद्रित करी. इतक्या वेगाच्या तानांत एकही स्वर इकडचा तिकडे होता कामा नये! यंत्राने हे सहज साधते. त्याने ते बोटांनी साधले. रियाज म्हणजे काय, हे आपल्याकडच्या रसिकांना वेगळे सांगायला नको.

आणि या धडधडाटाच्या मध्येच अचानक जेमतेम पन्नास सेकंदांचा एक तुकडा येतो. त्यात ढोल नाहीत, गायन नाही, फक्त साधी नायलॉनच्या तारांची गिटार. त्याचे नाव ‘डी’. डेलोरेसचे लाडके रूप.

१९८१ च्या अखेरीस दुसरी ध्वनिमुद्रिका आली, ‘डायरी ऑफ अ मॅडमन’. तिच्या शीर्षकगीताच्या आरंभावर क्यूबाचे संगीतकार लिओ ब्रौवर यांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका अभ्यासिकेची छाप उघड दिसते. रँडीचे मन तिकडेच ओढ घेत होते. दौऱ्यात प्रत्येक गावी टेलिफोनची डिरेक्टरी उघडून तो शास्त्रीय गिटारचा शिक्षक शोधी आणि फी भरून शिकवणीला जाई. कधी कधी शिकवणारा थक्क होऊन स्वतःच शिष्य होई आणि तास संपल्यावर पैसे मात्र रँडीच देई, असे सांगतात. रॉक सोडून विद्यापीठात शास्त्रीय गिटारची पदवी घ्यायची, असा त्याचा मनसुबा होता. हजारोंच्या टाळ्या मिळत असताना पुन्हा बाकावर बसायला निघालेला असा तरुण विरळाच.

ते व्हायचे नव्हते. १८ मार्च १९८२ रोजी नॉक्सव्हिलचा कार्यक्रम आटोपून बँडची बस फ्लॉरिडाकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लीसबर्ग गावी एका खासगी धावपट्टीजवळ थांबली. बसच्या चालकाने तिथले एक छोटे विमान परवानगी न घेता उडवले. रँडी आणि बँडची वेशभूषा सांभाळणाऱ्या रेचेल यंगब्लड त्यात बसले होते. बसवरून अगदी खालून विमान नेण्याचा खेळ चालला होता. पंख बसला घासला, विमान झाडावर आदळून शेजारच्या घरात घुसले आणि पेटले. तिघेही जागीच गेले. चालकाच्या शरीरात कोकेनचे अंश सापडले. ऑझी त्या वेळी बसमध्ये झोपलेला होता.

डेलोरेसबाईंनी मुलाला सॅन बर्नार्डिनोला आणले. रँडीचे आजी-आजोबा तिथेच विसावले होते.

त्या गावाने पुढच्याच वर्षी जे पाहिले, ते कादंबरीत लिहिले तर ओढूनताणून आणलेले वाटेल. दफनभूमीपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, त्याच डोंगरांच्या कुशीत, ग्लेन हेलन नावाचे उद्यान आहे. ॲपल कॉम्प्युटरचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी तिथे मोठा संगीतमहोत्सव भरवला. २९ मे १९८३ हा रविवार त्यात हेवी मेटलसाठी राखून ठेवला होता. तीन लाखांहून अधिक लोक जमले असावेत, असा अंदाज केला गेला. भर उन्हात धूळ उडत होती आणि पहिला बँड रंगमंचावर आला. तो होता क्वायट रायट! ज्याला अमेरिकेत कोणी विचारत नव्हते, तोच बँड. दुपारी त्याच मंचावर ऑझी आला, गिटारवर नवा मुलगा घेऊन. रँडीचे दोन्ही बँड, एकाच दिवशी, त्याच्या समाधीपासून इतक्या जवळ. बेसवादक रुडी सार्झो त्या दिवशी क्वायट रायटबरोबर होता. लीसबर्गच्या सकाळी तो ऑझीच्या बसमध्ये होता. वर्षअखेरीस क्वायट रायटची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. हेवी मेटलला तो मान प्रथमच मिळाला. त्या तबकडीतले शेवटचे गाणे त्यांनी रँडीला अर्पण केले आहे.

डेलोरेसबाई मुलामागे तीस वर्षे जगल्या. म्युझोनिया त्यांनी बंद केली नाही. मुले शिकायला येत राहिली आणि त्यांच्याबरोबर आणखी एक वर्ग येऊ लागला. दूरदूरच्या देशांतून आलेले रँडीचे चाहते दार ठोठावत. बाई त्यांना आत घेत, खोल्या दाखवत, रँडीच्या वस्तू दाखवत. मुलाच्या अंगावर काटा आणणाऱ्या संगीताविषयी त्यांनी कधी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. त्यातला सूर त्यांना ओळखू येत असणार. २०१२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्या गेल्या.

नंतर म्युझोनियात मायलेकांच्या वस्तू जपून ठेवल्या होत्या. २८ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री, सारा देश थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी जेवत असताना, शाळा फोडली गेली. रँडीची पहिली विजेवरची गिटार गेली, क्वायट रायटच्या दिवसांतला ॲम्प्लिफायर गेला, छायाचित्रे गेली आणि डेलोरेसबाईंचा ट्रंपेटही गेला. ऑझीने २५ हजार डॉलरचे इनाम जाहीर केले. काही वस्तू थोड्याच दिवसांत परत मिळाल्या.

ऑझीने अखेरचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमला केला. उभे राहवत नव्हते, म्हणून तो सिंहासनावर बसून गायला. त्यात ‘क्रेझी ट्रेन’ होतेच. २२ जुलैला तोही गेला.

रँडीच्या बँडची एक थेट कार्यक्रमांची ध्वनिमुद्रिका ऑझीने १९८७ मध्ये त्याच्या स्मरणार्थ काढली होती. बहुतेक वादन १९८१ च्या दौऱ्यातले, गर्दीच्या आरोळ्यांनी भरलेले. सर्वांत शेवटी मात्र आरोळ्या थांबतात. स्टुडिओत एकटा बसून रँडी ‘डी’ वाजवतो आहे. बोट चुकते, तो थांबतो, दोन शब्द पुटपुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.