हजीऱ्याच्या चिखलात हाकेचे अंतर

आमच्या घरात ‘शूटिंगला जाणे’ या शब्दाचा अर्थ तीन पिढ्यांत तीन वेळा बदलला. आजोबांच्या काळी त्याचा अर्थ खांद्यावर दुनळी टाकून पहाटे बदकांच्या मागे जाणे असा होता. वडिलांच्या काळी मुंबईहून आलेल्या एखाद्या सिनेमाच्या कंपनीचे चित्रण पाहायला जाणे असा झाला. आता तोच शब्द आमची मुले लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्यासाठी वापरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. आजोबांची बंदूक त्यापूर्वीच सरकारजमा झाली होती. पण पहाटेची धांदल, थर्मासमधील चहा, पायांना चिकटणारा चिखल आणि ‘अरे, कुठे राहिलास?’ अशी मागून येणारी हाक, हे सारे जसेच्या तसे राहिले. हा लेख त्या हाकेविषयी आहे.

सुरतेहून हजीऱ्याला जाण्यासाठी तापी ओलांडून रांदेरच्या अंगाने इच्छापोर, कवास असे जावे लागते. बडोदे, इंदूरकडील वाचकांनी हजीरा हे नाव वर्तमानपत्रांतून वाचले असेल ते कारखान्यांमुळे. खत, पोलाद, पेट्रोरसायने, द्रवरूप वायूचे बंदर, तोफा बांधणारे कारखाने अशी सगळी गर्दी या चिंचोळ्या भूभागावर झाली आहे. ग्वाल्हेर-गुण्याकडील वाचकांना विजयपूरला येणारा वायू ठाऊक असेल. त्या हजीरा-विजयपूर-जगदीशपूर नळाचे पहिले टोक ते हेच. २०२० च्या नोव्हेंबरात येथून घोघ्याला जाणारी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली आणि जमिनीवरील ३७० किलोमीटरांचा वळसा समुद्रावरून ९० किलोमीटरांवर आला.

परंतु चिमण्यांच्या धुराकडे पाठ केली की पुढे सुवालीचा काळसर वाळूचा किनारा लागतो. तेथे सुरूची झाडे, त्यांच्या पलीकडे तिवरांच्या राई आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर पसरलेला चिखल आहे. याच सुवालीच्या पाण्यात १६१२ च्या नोव्हेंबरात टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने पोर्तुगीजांशी झुंज दिली. पोर्तुगीजांची काही मोठी जहाजे त्या वेळी वाळूत रुतली. सप्टेंबर १६१५ मध्ये सर टॉमस रो जहांगीर बादशहाकडे वकील म्हणून जाताना उतरला तोही येथेच. सुरतेची वखार आणि सुवालीची जहाजे यांच्यामध्ये कित्येक कोसांची वाट होती. निरोप माणसाच्या पायांनी जाई, आणि जहाजाजहाजांत बोलणे निशाणांनी आणि तोफेच्या आवाजाने होई. या किनाऱ्यावर एकमेकांना काही सांगणे ही अडचण तशी जुनीच आहे.

आमची मंडळी म्हणजे सुरतेतली चार मराठी घरे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती चालत आली आहे. तिच्या निमित्ताने आम्ही सुवालीला जातो. कुरव, तुतवार, शेकाटे, बगळे आणि नशीब असेल तर लांबवर रोहितांची गुलाबी रांग. कोणी मोजतो, कोणी टिपून घेतो, मुले छायाचित्रे काढतात.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही गेलो त्या दिवशी पौष शुद्ध द्वादशी होती. आमच्या मामांचे मूळ गाव रत्नागिरीकडचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब त्यांच्या जिभेवर. द्वादशीची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला भरती पूर्ण होऊन पाणी फिरले, आता ते उतरणारच, असे सांगून साडेनऊला मामा आणि आमचा सोळा वर्षांचा पुतण्या घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावर गेले. हिशेबात चूक नव्हती. समुद्र मात्र दुसरा होता. खंबातच्या आखातात भरती दक्षिणेकडून आत शिरते, त्यामुळे येथे ती मुंबई-रत्नागिरीच्या मानाने बरीच उशिरा पूर्ण होते. शिवाय आखात निमुळते होत गेल्याने पाणी उंचही चढते. मुंबईला उधाणाचा चढउतार चार मीटरांच्या आसपास, हजीऱ्याला सहाच्या घरात, तर भावनगरला दहाच्या आसपास. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण तोंडावरच होते.

अर्ध्या तासात तो ओहोळ गुडघ्याएवढा झाला. आम्ही सुरूच्या बनापाशी उभे राहून ओरडत होतो. वारा समुद्राकडून येत होता, आमची हाक आमच्याकडेच परत येई. मोबाईल लावले. घंटी वाजत राहिली, कारण पक्षी उडू नयेत म्हणून दोघांनीही आपापले फोन मुके करून पिशवीत टाकले होते आणि ही शिस्त आम्हीच त्यांना घालून दिली होती. पुतण्याने डोळा कॅमेऱ्याला लावलेला, मामा दुर्बिणीत. पाठीमागे पाणी चढते आहे हे दोघांच्याही गावी नव्हते. जाळी आवरून परतणाऱ्या एका मच्छीमाराने त्यांना पाहिले, हाताला धरून लांबच्या, जरा उंच वाटेने फिरवून आणले. तरी कमरेपर्यंत भिजूनच आले. मामा म्हणाले, ‘‘पाणी उतरायला हवे होते.’’ तो गृहस्थ समुद्राकडे पाहून शांतपणे म्हणाला, ‘‘हजी तो चढे छे.’’ अजून चढतेच आहे. साडेअकरापर्यंत ते चढतच होते.

त्या रात्री पुतण्याच्या आईने एकही शब्द काढला नाही. त्यामुळे आम्हा सर्वांनाच ते अधिक लागले. दुसऱ्या दिवशी ठरले की पुन्हा जायचे तर बोलण्याचे काही साधन घेऊनच जायचे.

साधन म्हणजे हातात धरायचे बिनतारी संच, अर्थात वॉकीटॉकी. मुलांनी तासाभरात दहा प्रकार शोधून काढले. कोणावर ‘दहा मैल’ लिहिलेले, कोणावर ‘पाच वॉट’. एका दुकानदाराने तर सगळ्यांत जबर संच पुढे ठेवला. परवान्याचे विचारताच तो हसून म्हणाला, ‘‘कोण पूछे छे, साहेब?’’ सुदैवाने आमच्यात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी संच उचलून पाहिला आणि परत ठेवला. हवेतल्या लहरी सरकारच्या ताब्यात असतात. कोणत्या लहरीवर कोणी बोलायचे हे ठरलेले असते. बहुतेक शक्तिमान संचांना परवाना लागतो. हौशी रेडिओवाल्यांना परीक्षा देऊन तो मिळवावा लागतो. बोटींचे संच निराळे. त्यांची सोळा क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही संकटात सापडलेल्या नावाड्याची असते, तिच्यावर पक्ष्यांच्या गप्पा मारणे हा निव्वळ अपराध. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा एवढासा पट्टा कमी शक्तीच्या संचांना परवान्यावाचून मोकळा केला आहे, मात्र त्या संचाला सरकारी मान्यता मिळालेली असली पाहिजे. मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या खात्याने घरपोच विक्री करणाऱ्यांसाठी नियम काढले. त्यांनुसार संच कोणत्या लहरीवर चालतो आणि त्याला मान्यता आहे की नाही, हे विक्रेत्याने सांगणे भाग आहे. काकांनी हे सारे जेवणाच्या पंगतीत सांगितले. मुलांची तोंडे उतरली, कारण मोकळ्या पट्ट्यातले संच अर्ध्या वॉटचे, दिसायला खेळण्यासारखे.

हजीऱ्याला हा प्रश्न कायद्यापुरताही नाही. एका बाजूला बंदर, दुसरीकडे तोफांचा कारखाना, आणि मध्ये हातात लांब नळीचा कॅमेरा, गळ्यात दुर्बीण, कमरेला बिनतारी संच अशी सात-आठ माणसे. पहारेकऱ्याने हटकले नाही तरच आश्चर्य. म्हणून आम्ही आता जाण्यापूर्वी पोलिसांना लेखी कळवतो, संचांच्या मान्यतेच्या कागदाची प्रत जवळ ठेवतो आणि कुंपणाच्या दिशेने कॅमेरा वळवत नाही.

राहिला प्रश्न पल्ल्याचा. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. छातीशी संच धरलेल्या माणसाचे क्षितिज सपाट समुद्रावर चार-साडेचार किलोमीटरांवर असते, समोरच्याचेही तेवढेच. तेव्हा खोक्यावर दहा मैल लिहिले काय आणि वीस लिहिले काय, पृथ्वी वाकलेली आहे ती आहेच. आम्ही विकत घेण्यापूर्वी एकांचे संच मागून आणून सुवालीला प्रत्यक्ष पाहिले. उघड्या चिखलावर दीड किलोमीटरपर्यंत शब्द न् शब्द कळला. तिवरांच्या राईआड माणूस गेला की पाचशे मीटरांवर नुसती खरखर. तोच माणूस बांधावर चढला की पुन्हा स्वच्छ. म्हणजे दोन-चार वॉट वाढवण्यापेक्षा एक माणूस बांधावर उभा करणे अधिक उपयोगाचे. शिवाय आम्हाला दहा मैल बोलायचे तरी कोणाशी होते?

मग निवड आपोआप होत गेली. पाण्यात पडला तरी अर्धा तास एक मीटर खोलीवर टिकेल असा. शक्य तर तरंगणारा आणि नारिंगी रंगाचा, कारण काळा संच या काळ्या चिखलात पडला की गेला. बटण मोठे हवे, ओल्या बोटांनी दाबता येणारे. बाजारात मिळणारे पेन्सिल सेलही चालावेत. ध्वनी एकाच कानात जावा, म्हणजे पक्षी उडत नाहीत आणि दुसरा कान पाण्याकडे राहतो. बोलणे संपल्यावर ‘टिंग’ वाजण्याची सोय मुलांना फार आवडली होती, ती पहिल्याच दिवशी बंद केली. मोबाईलवर एकाने एकाला शोधायचे असते. येथे एकाने बटण दाबले की आठही जणांच्या कानात ते जाते, कोणी उचलण्याची वाट पाहावी लागत नाही. आम्हाला हवे होते ते एवढेच.

सरावात एक गोष्ट मात्र अशी निघाली की जी कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती. घाईत माणूस वाक्य संपण्यापूर्वीच बटण सोडतो आणि शेवटचा शब्द गळतो. आपल्या मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. पुतण्या पलीकडून म्हणाला, ‘‘इकडे येऊ नका,’’ आणि आम्हाला ऐकू आले, ‘‘इकडे येऊ...’’ वहिनी चालू लागल्या! सगळे हसले, पण काका हसले नाहीत. त्यांनी नियमच केला: धोक्याचा शब्द पहिला, म्हणजे ‘‘थांबा, थांबा, पाणी’’, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचे, बोलून झाल्यावर क्षणभर थांबून सोडायचे, आणि ऐकणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. ‘ओव्हर’ म्हणायला मामांना संकोच वाटतो. ते ‘बस्स’ म्हणतात. चालते.

पुढच्या जानेवारीत पुन्हा गेलो. भरतीची वेळ या वेळी बंदराच्या तक्त्यावरून काढली होती, तरी वहिनी संच घेऊन बांधावर बसल्या, शेजारी चिखलात एक काठी रोवून. काठीवर त्यांनी हळदीने खुणा केल्या होत्या. पाणी पहिल्या खुणेला लागताच आठ कानांत एकदम आवाज आला, ‘‘थांबा, थांबा, पाणी. सगळे परत. बस्स.’’ समोर रोहितांची रांग नुकतीच जवळ सरकत होती. पुतण्याने कॅमेरा खाली घेतला, ‘‘परत येतोय, बस्स’’ म्हणाला आणि मामांच्या पुढे चालू लागला. आठवा माणूस सुरूच्या बनात पोचला तेव्हा ओहोळात पोटरीएवढे पाणी होते. छायाचित्र राहिले ते राहिलेच.

परतताना मंडळी दोन गाड्यांत होती. आवाज झाला की संच आपोआप बोलू लागतो, अशी एक सोय त्यात असते. ती बंद ठेवा असे काकांनी बजावले होते. मामांनी ती बंद केली नव्हती. कवासपासून इच्छापोरपर्यंत मागच्या गाडीतले त्यांचे घोरणे आम्ही पुढच्या गाडीत अगदी स्वच्छ ऐकत होतो.