सोळाव्या नंबरचा संघ

जुलै २०२४ मध्ये आपाच्या मुलानं मला व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. त्याचा व्हिसा झाला होता, बॅगा भरणं चाललं होतं. एम.एस.साठी तो अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला निघाला होता. यादीत सोळा विद्यापीठांची नावं होती आणि शेवटच्या नावाभोवती त्यानं लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, "मामू, हमारी युनिव्हर्सिटी सबसे आख़री!"

मी आधी घाबरलो. वाटलं, एवढं कर्ज काढून पोरगं चाललंय आणि विद्यापीठ शेवटच्या नंबरचं? मग त्यानं समजावलं की ही यादी अभ्यासाची नाही, फुटबॉलची आहे. तोही आपला फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू हातात घेऊन पळतात.

तिकडे विद्यापीठांचे संघ गटागटानं खेळतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. भाच्याच्या विद्यापीठाचा गट म्हणजे 'बिग ट्वेल्व्ह'. नाव बारांचं, संघ सोळा. १९९६ साली हा गट बारा संघांनिशी खेळू लागला. पुढं काही सोडून गेले, काही आले, नाव मात्र तेच राहिलं. आमच्या गावातल्या 'नव्या वस्ती'ला पन्नास वर्षं झाली, तरी ती नवीच आहे, तसंच हे.

दर उन्हाळ्यात हंगाम सुरू होण्याआधी तिथले पत्रकार मतं देतात : कोण पहिला येईल, कोण शेवटचा. कोणाचे खेळाडू पदवी घेऊन गेले, कोणाकडे नवे आले, प्रशिक्षक कोण, मागच्या वर्षी काय झालं, असा सगळा हिशेब मांडून अंदाज बांधतात. त्या अंदाजात अ‍ॅरिझोना स्टेट सोळापैकी सोळावं होतं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. २०२२ मध्ये या संघानं तीन सामने जिंकले, नऊ हरले. २०२३ मध्ये पुन्हा तीन आणि नऊ. नव्या गटात त्यांचं पहिलंच वर्ष होतं. प्रशिक्षक केनी डिलिंगहॅम जेमतेम चौतिशीचे, याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. शाळेत असताना गुडघा गेला, म्हणून खेळणं सुटलं आणि त्या कोवळ्या वयातच ते शिकवायला लागले.

पुढं जे झालं ते मी अर्धवट झोपेत, भाच्याच्या मेसेजमधून पाहिलं. संघानं नेहमीच्या बारा सामन्यांपैकी दहा जिंकले. ७ डिसेंबरला गटाच्या अंतिम सामन्यात आयोवा स्टेटला ४५-१९ असं हरवलं. कॅम स्कॅटेबो नावाचा धिप्पाड गडी, ज्याला शाळेतून बाहेर पडताना मोठ्या विद्यापीठांनी विचारलंही नव्हतं, त्या दिवशी १७० यार्ड धावला. सोळाव्या नंबरचा संघ पहिला आला.

आणि पहिल्या नंबरचा? यादीत वर युटा होतं. त्यांचा अनुभवी क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, दुसऱ्याच सामन्यात हाताला लागून बसला. युटानं पाच जिंकले, सात हरले. तिसऱ्या नंबरवरच्या ओक्लाहोमा स्टेटनं गटातले नऊच्या नऊ सामने गमावले. चौथं कॅन्सस आणि पाचवं अ‍ॅरिझोना, दोघांचेही विजयांपेक्षा पराभव जास्त. उलट तेराव्या नंबरचं ब्रिगहॅम यंग अकरा सामने जिंकून बसलं. पाच 'हुशार' मुलांपैकी चार नापास आणि मागच्या बाकावरचे दोघं गुणवत्ता यादीत, असा हा निकाल!

१ जानेवारीला देशपातळीवरच्या उपांत्यपूर्व सामन्यात टेक्सासशी गाठ पडली. त्याच्याकडे सकाळचे अकरा, माझ्याकडे रात्रीचे साडेअकरा. शेवटच्या टप्प्यात ८-२४ असे मागे असताना त्यांनी २४-२४ अशी बरोबरी केली. जादा वेळेत गेलेला तो सामना अखेर ३९-३१ असा टेक्साससनं जिंकला. भाच्यानं फक्त एक रडका चेहरा पाठवला. बायको म्हणाली, "सकाळी शाळा आहे ना तुम्हाला?" मी दिवा मालवला, पण झोप आली नाही. झोप उडाली ती सामन्यामुळं नाही, माझ्या स्वतःच्या एका यादीमुळं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. घरात दखनी, शाळेत उर्दू, मदरशात अरबी आणि परीक्षेला मराठी, अशी आमच्या मुलांची चार ठिकाणी ओढाताण. काही वर्षांपूर्वी दहावीच्या निकालाचा अंदाज मागितला गेला. मी एका कागदावर वर्गाची यादी केली : पक्के, काठावरचे, धोक्यातले. चौतीस मुलं होती. चौतिसावं नाव एका मुलाचं होतं. सकाळी तो गॅरेजमध्ये हाताखाली काम करायचा, शाळेत उशिरा यायचा, 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत कायम गोंधळ करायचा. माझ्या हिशेबातही चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

तो कागद मी टेबलावर ठेवला आणि त्यालाच खडू आणायला पाठवलं. त्यानं तो वाचला. मराठी वाचता येत नाही असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, त्यानं ते मराठीच वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यापासून तो यायचा बंद झाला. मी घरी गेलो. त्याच्या अम्मीनं चहा दिला आणि अगदी अदबीनं म्हणाली, "सर, आपने ही तो लिखा है, ये नहीं होगा."

बी.एड.ला आम्ही रोझेंथल आणि जेकबसन यांचा प्रयोग पाठ केला होता. साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा झेप घेतील. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखीच निवडली होती. तरी वर्षअखेर, विशेषतः लहान वर्गांत, ती मुलं पुढं गेलेली दिसली. १९६८ साली त्यावर पुस्तक आलं, त्यावर पुढं वादही झाले. परीक्षेत मी या प्रश्नाचं उत्तर चांगलं लिहिलं होतं.

आता कोणी म्हणेल, शेवटचा नंबर मिळाल्यानंच तो संघ पेटून उठला, मुलानंही जिद्द धरायची होती. हे म्हणणं मला पटत नाही. सोळावा नंबर मिळाला तरी अ‍ॅरिझोना स्टेटचे बारा सामने कोणी काढून घेतले नव्हते. प्रशिक्षक तेच, मैदान तेच, जेवण आणि डॉक्टर तेच. कागदावर काही लिहा, शनिवारी खेळायला मिळणारच. माझ्या मुलाचा अंदाज लिहिला गेला आणि त्याचा हंगामच संपला. ज्याच्या मागं सगळी व्यवस्था उभी आहे त्याला शेवटचा नंबर चिमटा काढतो. ज्याच्या मागं कोणी नाही त्याला तो निकालपत्र वाटतो.

२०२५ च्या हंगामाआधी बिग ट्वेल्व्हनं पत्रकारांची ती यादी काढलीच नाही. भाच्यानं हे कळवलं तेव्हा मला बरं वाटलं. पण मी त्याला म्हटलं, नंबर नकोत, तरी प्रत्येक संघाबद्दल काहीतरी सांग. त्यानं सांगितलं त्यातलं मला रुचलं ते असं.

अ‍ॅरिझोना स्टेटचा स्कॅटेबो व्यावसायिक संघात गेला. क्वार्टरबॅक सॅम लेविट मात्र होता. चेंडू झेलणारा जॉर्डिन टायसन २०२४ मध्ये दुखापतीमुळं अंतिम सामना खेळू शकला नव्हता, तोही परत आला होता. आता त्यांना अपेक्षांचं ओझं घेऊन खेळायचं होतं. टेक्सास टेकनं दुसऱ्या विद्यापीठांतून खेळाडू आणायला पाण्यासारखा पैसा ओतला होता; गटाचं विजेतेपद त्यांनी तोवर एकदाही मिळवलेलं नव्हतं. युटानं न्यू मेक्सिकोहून नवा क्वार्टरबॅक आणला होता. कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर, ज्याला २०२४ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला, तो गेला. त्यांचे प्रशिक्षक डिऑन सँडर्स मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठून पुन्हा मैदानावर उभे होते. ब्रिगहॅम यंग हे मॉर्मन पंथाचं विद्यापीठ. कितीही मोठा सामना असो, ते रविवारी खेळत नाहीत. जुम्म्याच्या नमाजसाठी तास बदलून मागणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. वेस्ट व्हर्जिनिया आणि सेंट्रल फ्लोरिडा, दोघांनीही आपापले जुने प्रशिक्षक परत बोलावले होते. कॅन्ससचं मैदान दुरुस्तीला होतं म्हणून २०२४ मध्ये वर्षभर ते परक्या मैदानावर खेळले. २०२५ मध्ये ते घरी परतत होते. आणि सुरुवातीलाच, २३ ऑगस्टला, कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेट ही दोन शेतकी परंपरेची विद्यापीठं थेट आयर्लंडमध्ये, डब्लिनला भिडणार होती.

हे ऐकताना लक्षात आलं की यात प्रत्येकाबद्दल काहीतरी कळतं : काय गेलं, काय आलं, कुठं अडेल. फक्त नंबर सांगणाऱ्या यादीत ते कळत नाही. मी आता वर्गाची तशी यादी करत नाही. जूनमध्ये एक छोटी चाचणी घेतो आणि वहीत प्रत्येक मुलासमोर दोन ओळी लिहितो : काय येतं आणि कुठं अडतं. 'वाचन चांगलं, लिंग चुकतं.' 'लिहायला घाबरते, बोलते छान.' वही उघडी राहिली आणि कोणी वाचली, तरी लपवावं लागू नये, एवढी काळजी घेतो.

तो मुलगा आता स्वतःचं गॅरेज चालवतो. माझी मोटरसायकल तिथंच दुरुस्त होते. बिल तो मराठीत लिहितो. 'वेल्डिंग'चा ऱ्हस्व-दीर्घ चुकतो, हिशेब कधी चुकत नाही. परवा मी त्याला म्हटलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मराठी मी बघतो. तो हसला, हात पुसत म्हणाला, "सर, अब क्या?"

हो म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. काय कागदपत्रं लागतात ते मी चौकशी करून एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. पुढच्या सर्व्हिसिंगला नेऊन देईन. तो बसेल की नाही, याचा अंदाज मात्र मी करणार नाही.