जोडायचा की हलता ठेवायचा?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा दुखेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. चालताना प्रत्येक पावलाला तो वाकतो. रहिमतपूरला आईच्या उजव्या पायात त्याची कूर्चा झिजली आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: हाडं स्क्रूने कायमची जोडायची, किंवा मध्ये इम्प्लांट बसवायचं.

इम्प्लांटचा मोह कुणालाही पडेल. सांधा हलता राहतो. पण जुन्या सिलिकॉनच्या सांध्यांचे कण सुटून भोवतालचं हाड खराब व्हायचं. 2016 साली अमेरिकेत ‘कार्टिव्हा’ला मंजुरी मिळाली. पाणी धरणाऱ्या मऊ पॉलिमरची ही छोटी गुटी, व्यास 8 किंवा 10 मिलिमीटर. 2024 मध्ये ती बाजारातून मागे घेतली गेली. अपेक्षेपेक्षा जास्त जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागत होती. हाडं जोडण्याची पद्धत जुनी, पण बहुतेकांचं दुखणं थांबवणारी. अंगठा किंचित वर उचललेला ठेवून जोडतात, म्हणून नीट चालता येतं.

आईने एकच विचारलं, "जोडल्यावर खालून उठता येईल का रे?" पूजेला ती अजून जमिनीवरच बसते. अंगठ्यावर जोर देऊन नाही, हाताचा आधार लागेल, म्हटलं.

"मग उंच पाट घेऊ. बाजारातून घरी येताना दुखायला नको, एवढंच बघ."

हाडं जोडायचं ठरलं. इम्प्लांट फसलं तर शेवटी बहुधा जोडावंच लागतं, तेही कमी उरलेल्या हाडावर. हा मुद्दा मी राखून ठेवला होता. तो काढायची गरजच पडली नाही.