काळी माती, जांभा आणि चाकाची निवड

हुबळी आणि धारवाड ही सुमारे २० किलोमीटर अंतराची जोडशहरे दोन भिन्न प्रकारच्या भूमींच्या सीमेवर वसलेली असून, त्यांच्या पूर्वेस नवलगुंद आणि अण्णिगेरीकडे काळ्या जमिनीचा सपाट पट्टा पसरतो, तर पश्चिमेस कलघटगी, अळणावर आणि हल्याळच्या दिशेने मलनाडाची चढउताराची, जांभा दगडाची भूमी सुरू होते. काळी माती पाणी शोषून फुगते, चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगा पाडते. जांभ्याच्या रस्त्यावर मात्र चिखलापेक्षा उघड्या पडलेल्या दगडाच्या धारेची भीती अधिक असते. या दोन्ही भूमींवर एकाच वाहनाने नियमित प्रवास करणाऱ्याला चाकाची निवड केवळ शोभेच्या निकषावर करता येत नाही, हा प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाचा मुख्य निष्कर्ष आहे.

लेखकाचे वाहन म्हणजे जून २०२३ मध्ये भारतीय बाजारात आलेली पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी. शिडीसारख्या स्वतंत्र सांगाड्यावर उभ्या असलेल्या या गाडीत चारही चाकांना शक्ती देण्याची व्यवस्था चालकाला गरजेपुरती जोडता येते, आणि तिच्या वरच्या श्रेणीला कारखान्यातूनच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे बोलीभाषेत ‘अलॉय’, चाके मिळतात. नवलगुंदकडील शेताचा रस्ता आणि हल्याळकडील नातेवाइकांची गावे या दोन्ही वाटांवर दगडाच्या माराने अलॉयच्या कडा खरवडल्या गेल्या व एका रिमला बारीक तडा गेला, तेव्हा बाजारात स्वतंत्रपणे मिळणाऱ्या चाकांचा शोध घेणे अपरिहार्य ठरले.

या शोधात प्रथम विचारात घ्यावे लागले ते चाक हबवर, म्हणजे चाक ज्या मध्यभागावर बसते त्यावर, नेमके बसण्याचे गणित. नटांची छिद्रे ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. जिम्नीला पाच नट असून हे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच इंचांचे आहे. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचेही माप हेच असल्यामुळे जुन्या बाजारातील तिच्या डिस्क, म्हणजे पोलादी चाके, अनेकांना सोयीच्या वाटतात. परंतु पीसीडी जुळणे ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे. चाकाच्या मधले भोक जिम्नीत १०८ मिलिमीटरचे असते. ते याहून लहान असेल तर चाक बसतच नाही, आणि मोठे असेल तर चाक मध्यावर आणण्याचा सारा भार नटांच्या निमुळत्या तोंडावर पडतो, म्हणून त्या नटांचा उतार आणि चाकातील खोबणीचा उतार एकच असणे आवश्यक ठरते.

दुसरे माप ऑफसेटचे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी त्याची सपाट बाजू यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. टेकणारी बाजू मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तो धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण मानला जातो. जिम्नीचे मूळ चाक १५ इंच व्यासाचे, ५.५ इंच रुंद आणि अधिक ५ मिलिमीटर ऑफसेटचे आहे. हुबळीच्या बाजारात लेखकाला आग्रहाने दाखवले गेलेले चाक ७ इंच रुंद व उणे २० ऑफसेटचे होते. त्याच्या रुंदीतील वाढीमुळे बाहेरच्या बाजूस सुमारे १९ आणि ऑफसेटमुळे आणखी २५, अशी एकूण ४४ मिलिमीटर चाकाची बाहेरची कड मूळ जागेहून बाहेर सरकते. उभ्या गाडीला त्यामुळे भारदस्तपणा येतो हे खरे. तथापि बेअरिंगवरील तरफेचा ताण वाढतो, खड्ड्यात एक चाक आदळताच सुकाणू हातातून ओढले जाते, आणि काळ्या मातीचे गोळे थेट दारावर व काचेवर उडतात.

तिसरा प्रश्न टायरच्या एकूण व्यासाचा होता. मूळ १९५/८० आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतल्यास तो सुमारे ७३३ होतो, म्हणजे वाढ जवळजवळ सहा टक्क्यांची. जमिनीपासूनची उंची यातून केवळ २० मिलिमीटर मिळते, कारण व्यासातील वाढीचा अर्धाच भाग आसाखाली येतो. त्या बदल्यात १४६२ घनसेंटिमीटरच्या बेताच्या इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये अधिक भार ओढावा लागतो आणि वेगदर्शकाचा काटा प्रत्यक्षाहून मागे राहतो. शिवाय पावसाळ्यात टायर आणि मडगार्ड यांमधील पोकळीत काळी माती लिंपली जाते व तेथे जागा अपुरी असेल तर चाक फिरेनासे होते. मोठ्या टायरने हीच जागा व्यापली जाते. १७ इंची रिमचा पर्याय लेखकाने याहून लवकर बाजूला ठेवला, कारण बाहेरील व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की टायरची भिंत ठेंगणी होते, आणि हवा कमी करून दगडावरून जाताना धक्का पचवणारी तीच भिंत असते.

धातूच्या निवडीत मतभेदाला जागा आहे. अलॉय चाक सामान्यतः हलके असते आणि ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकते. पोलादी डिस्क मात्र जोराच्या माराने तडकण्याऐवजी वाकते, आणि किरकोळ वाकलेली कड गावातला कारागीरही हातोड्याने तात्पुरती सरळ करून देतो. अळणावर ते दांडेली या वाटेवर संध्याकाळी चाक निकामी झाले असता कोणता दोष तेथेच दुरुस्त होऊ शकतो, हा प्रश्न लेखकाला वजनातील फरकापेक्षा महत्त्वाचा वाटला. भाराचा हिशेब दोन्ही धातूंना सारखाच लागू होतो: ज्या आसावर सर्वाधिक भार येतो त्याच्या निम्म्याहून कमी भारक्षमता असलेले चाक घेऊ नये, आणि ज्या चाकावर भारक्षमता व मानक चिन्ह कोरलेले नाही ते स्वस्त असले तरी नाकारावे.

कायद्याची बाजूही येथे निर्णायक ठरली. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येकी ५००० रुपये दंडाची किंवा कारावासाची तरतूद केली. जिम्नीच्या खालच्या श्रेणीला उत्पादक स्वतःच १५ इंची पोलादी चाके देतो, हे लक्षात आल्यावर लेखकाचा मार्ग मोकळा झाला: व्यास, रुंदी आणि ऑफसेट मूळचेच ठेवून केवळ धातू बदलणे हा तांत्रिक आणि वैधानिक अशा दोन्ही कसोट्यांवर उतरणारा पर्याय होता.

त्यानुसार स्टेपनीसह पाचही चाके एकाच मापाची घेण्यात आली. जिम्नीत पुढच्या व मागच्या आसांमधील गतीचा फरक सामावणारी यंत्रणा नसल्यामुळे, चारही चाकांना शक्ती जोडलेली असताना एखादे चाक वेगळ्या व्यासाचे असले तर त्याचा ताण थेट दांड्यांवर आणि गिअरपेटीवर येतो. म्हणून स्टेपनी वेगळी ठेवण्याची काटकसर येथे चालत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने, ताण मोजणाऱ्या पान्याने १०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळण्यात आले आणि सुरुवातीच्या प्रवासानंतर ते पुन्हा तपासण्यात आले. पावसाळ्यात शेताहून परतताना डिस्कच्या आतल्या अंगाला माती वाळून बसते व महामार्गावर वेग वाढताच सुकाणू थरथरू लागते, हे मात्र पोलादी चाकांनीही टळले नाही. पाण्याच्या जोराने आतली बाजू धुतली की हा दोष नाहीसा होतो, त्यासाठी प्रथम बॅलन्सिंगकडे धाव घेण्याचे कारण नाही.

या अनुभवावरून निवडीचा क्रम असा सुचवता येतो: प्रथम जमीन आणि भार, नंतर हबशी जुळणारी मापे, मग कायदा व दुरुस्तीची सोय, आणि या सर्वांतून जे पर्याय उरतील त्यांतच रूपाचा विचार. चाक हा वाहनाचा दागिना नसून, आत बसलेल्या माणसांचे आणि समोरून येणाऱ्यांचे आयुष्य ज्याच्यावर टेकलेले असते असा यंत्रभाग आहे. त्याच्या निवडीत दाखवलेली काटेकोर सावधगिरी ही परस्परांप्रती असलेल्या जबाबदारीचाच एक भाग मानली पाहिजे.