भुशीचा चढ आणि माझी विजेची सायकल

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधल्या काळात दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सायकल विकली का हो शेवटी?" न्यू जर्सीच्या भाचीने तर "मावशी, आता पुरे" असंही सांगून टाकलं. एकेकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळी हकिगत इथे लिहून टाकते. थोडी तांत्रिक आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, आयुष्यभर व्याकरण आणि निबंध शिकवले, त्यामुळे यातलं शास्त्र मला जसं समजलं तसंच तुम्हाला सांगणार.

आधी सायकल कशासाठी ते सांगते, कारण नव्या वाचकांना माहीत नसेल. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे माझ्या वेळच्या मुख्याध्यापिका, आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. भुशी गावातून आय.एन.एस. शिवाजीच्या दिशेने जो रस्ता वर चढतो, त्या बाजूला त्या पुतण्याकडे राहतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाते. आधी वर्तमानपत्र वाचून दाखवते, मग चहा, मग चालू पुस्तकाचं एक प्रकरण. एवढंच. पण हे गेल्यापासून माझ्याही आठवड्याला तेवढेच दोन खांब उरले आहेत, हेही खरं.

चालत जायचं तर गुडघे ऐकत नाहीत. रिक्षा एरवी मिळते, पण पावसाळ्यात भुशी धरणाकडे येणाऱ्यांची जी रांग लागते तीत कोणी रिक्षावाला शिरायला तयार नसतो. शनिवार-रविवार तर सोडाच, हल्ली शुक्रवारपासूनच सुरुवात होते. जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदोबस्त वाढला, पण गर्दीला काही फरक नाही. (गंमत म्हणजे हे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. भजी आणि कणसं खायला नव्हे.) त्या गाड्यांच्या कडेने सुळकन निघून जायला सायकलीसारखं वाहन नाही. म्हणून २०२२ साली मी ही विजेवरची सायकल घेतली. मोटर अडीचशे वॅटची, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत. अशा सायकलीला कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत, त्यामुळे लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही.

तीन पावसाळे तिने छान काढले. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे लोखंडी कडीसुद्धा एका श्रावणात तांबूस होते, म्हणजे सायकलीचं कौतुकच म्हणायला हवं. चौथ्या पावसाळ्यात मात्र दोन तक्रारी एकदम सुरू झाल्या. एक आवाजाची, दुसरी दमाची. सपाटीवर ठीक चाले, पण चढ आला की मागच्या चाकातून घरघर, आणि अर्ध्या चढावर बॅटरीच्या चार रेघांपैकी एकच उरायची. मग मोटर आचके देत बंद. उतरून ढकलत थोडं सपाटीवर आलं की रेघा पुन्हा तीन! एका शुक्रवारी मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. त्या दिवशी मोठ्या बाई संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून होत्या, असं त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं.

एका दुकानात दाखवली. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने चाक दोनदा फिरवलं, रेघांकडे पाहिलं आणि सांगितलं, "आजी, मोटर पण गेली आणि बॅटरी पण गेली. साडेआठ आणि चौदा, साडेबावीस हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या." मुलाला, म्हणजे माझ्या मुलाला, हे कळल्यावर त्याने लगेच तिसरा पर्याय काढला. "आई, आता विकूनच टाक." त्याची काळजी मला समजते. पण बहात्तराव्या वर्षी माणसाने एक वस्तू सोडली की ती पुन्हा हाती धरायला घरचे देत नाहीत, हे मी आजूबाजूला पुष्कळ पाहिलं आहे. त्यामुळे विकायची तर खात्री करूनच, असं ठरवलं.

आमच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आय.एन.एस. शिवाजी म्हणजे नौदलाची अभियांत्रिकी शिकवणारी संस्था, १९४५ पासून इथे आहे. तिच्यामुळे आमच्या भागात इंजिनाचा आवाज ऐकून नाडीपरीक्षा करणारी माणसं बरीच सापडतात. यांना सगळे 'चीफ'च म्हणतात. त्यांनी सायकल पाहिली आणि हात लावायच्या आधी मला म्हणाले, "बाई, तुम्ही चालवा. मी ऐकतो."

मला तीन प्रकारे चालवायला लावलं. आधी मोटर बंद ठेवून नुसते पायडल मारत. मग पायडल न मारता नुसत्या मोटरवर. शेवटी दोन्ही बंद, उतारावर आपोआप. परत आल्यावर म्हणाले, "आवाज एक नाही, तीन आहेत. म्हणून त्या पोराचा गोंधळ झाला."

पहिला आवाज 'कट्‌ कट्‌', तो फक्त पायडल मारताना. तो गिअरच्या तारेचा. तार वापरून ताणली जाते, मग चेन एका चक्रावर नीट बसत नाही, शेजारच्या चक्राच्या दात्यांना घासत राहते. तारेच्या टोकाचा छोटा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, आवाज बंद. खर्च शून्य. दुसरा 'चर्र चर्र', तो तिन्ही वेळेला, चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. ब्रेकची तबकडी किंचित वाकली होती. ती त्यांनी पान्ह्याने हळूहळू सरळ केली, पूर्ण नाही झाली पण पुष्कळ झाली. तिसरा 'घर्र', तो फक्त मोटर चालू असताना, आणि चढावर जास्त. तो मात्र चाकाच्या पोटातला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मला हा भाग फार आवडला. माझ्या सायकलची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे. पण ती चाकाला थेट फिरवत नाही. मोटर लहान, ती जोरात फिरते. चाक मोठं, ते सावकाश. ताशी पंचवीस किलोमीटरला माझं चाक मिनिटाला सुमारे दोनशे फेरे घेतं, मोटर त्याच्या चौपट-पाचपट. मध्ये तीन दातेरी चक्रं असतात. मधल्या छोट्या चक्राभोवती तिन्ही बसवलेली, सूर्याभोवती ग्रह असावेत तशी, आणि त्यांना वेढून बाहेर एक दातेरी कडं. ही तीन चक्रं नायलॉनची करतात, कारण लोखंडावर लोखंड फिरलं तर सगळ्या गावाला ऐकू जाईल. नायलॉन शांत असतं, पण झिजतं. मोटर बंद असताना आतला क्लच सुटतो आणि ही चक्रं जागची हलत नाहीत, म्हणून नुसत्या पायडलवर घरघर नव्हती.

चीफनी आणखी एक युक्ती दाखवली. चाक उचलून पुढे फिरवलं की मोकळं फिरतं. उलटं फिरवलं की क्लच पकडतो आणि चक्रं फिरायला लागतात. मला म्हणाले, "हात ठेवून पाहा." ठेवला, तर तळहाताला खडेमीठ दळल्यासारखं लागत होतं! हब उघडलं. एका चक्राचे दाते एका बाजूने बोथट झालेले, आणि ग्रीस नावाचा जो पदार्थ आत असायला हवा त्याची राखाडी पेस्ट. मोटर म्हणजे तांब्याच्या तारांचा भाग मात्र स्वच्छ, जळक्या वासाचा मागमूस नाही. तीन चक्रांचा संच कुरिअरने आला. बाराशे रुपये.

हा आवाज ऐकताना मला लहानपणीचा 'खेकडा' आठवत होता. आमच्या घाटात १९२९-३० च्या सुमारास वाफ जाऊन वीज आली, तेव्हाची ती हिरवी, लांब तोंडाची इंजिनं. उभी असली तरी कण्हल्यासारखा आवाज करायची, आणि आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो. असो.

आवाज मिटला, पण दम आला नव्हता. चढावर रेघा तशाच पडत होत्या. तेव्हा चीफनी वही मागितली आणि मला हिशेब मांडून दिला. माझं वजन चोपन्न किलो, सायकल चोवीस, पिशवी-पुस्तकं चार, एकूण ब्याऐंशी. चढ बारास एक धरला, म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर, तर मागे खेचणारं बल सदुसष्ट न्यूटन. रस्त्याच्या घर्षणाचे सात मिळवले, चौऱ्याहत्तर. हे ओढत ताशी बारा किलोमीटरने जायचं तर सुमारे २४६ वॅट लागतात. मोटर अडीचशेची. "म्हणजे बाई, तुमची सायकल या चढावर काठोकाठ भरून चालते. एक थेंब सांडला तरी कमी पडणार." तो थेंब कुठे सांडतो ते शोधायचं होतं.

त्यांनी मल्टिमीटर पायजम्याच्या नाडीने हँडलला बांधला (हसू नका, पक्का बसला होता) आणि स्वतः दोनदा वर जाऊन आले. पहिल्यांदा तारा बॅटरीच्या तोंडाशी लावून, दुसऱ्यांदा बॅटरी जिथे फ्रेमला बसते त्या जोडाच्या पलीकडे लावून. चढावर बॅटरीपाशी ३६.८ व्होल्ट, जोडापलीकडे ३३.७. म्हणजे बॅटरी धडधाकट, आणि तीन व्होल्ट त्या जोडातच गडप! चढावर पंधरा अँपिअर वाहतात. तीन गुणिले पंधरा, पंचेचाळीस वॅट. करंगळीच्या नखाएवढ्या पितळी पट्टीत एका दिव्याएवढी उष्णता. जोड उघडला तर पट्टी काळी-तपकिरी आणि भोवतालचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. सपाटीवर जेमतेम चार अँपिअर लागतात, तिथे तीन-साडेतीन वॅटच वाया जायचे, कोणाच्या लक्षातही येणार नाही. आणि बॅटरी अर्धी झाली की चढावर जोडापलीकडचा आकडा एकतीसच्या खाली जायचा. मोटरचा नियंत्रक समजायचा की बॅटरी संपली, आणि मोटर बंद करायचा. दुकानातल्या मुलालाही नेमकी तीच रेघ दिसली होती.

नवीन जोड, त्यावर पाणी न शिरू देणारं थोडं ग्रीस, वर रबरी झाकण. दीडशे रुपये.

तरीही एक वळण उरलंच. तिथे चढ आठास एक तरी असेल, आणि वेग आठवर येतो. अशा मोटरचं एक आहे, फार सावकाश फिरली की तिला दिलेली वीज चाक ओढण्याऐवजी तिलाच तापवू लागते. सायकलचा गिअर बदलून तिला काही मदत होत नाही, कारण गिअर चेनवर, चेन पायांवर. हबमधल्या मोटरचं गुणोत्तर कायमचं ठरलेलं. मग चीफ म्हणाले, "कर्जतला काय करतात?" घाटातली रेल्वे १८६३ पासून आहे, तिचा चढ सदतीसास एक, म्हणजे माझ्या वळणाच्या चौथाईसुद्धा नाही. तरी आजही कर्जतला कित्येक गाड्यांना मागून इंजिनं जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. माझ्या सायकलचे बँकर म्हणजे माझे पाय, पण त्यांना जमेल असा गिअर हवा. मागचं सर्वांत मोठं चक्र अठ्ठावीस दात्यांचं होतं, ते काढून चौतीसचं फ्रीव्हील बसवलं. त्या वळणावर पूर्वी पाय मिनिटाला त्रेचाळीस फेरे घेत, दर फेऱ्याला गुडघ्यातून कळ. आता बावन्न, पण हलके. पन्नास-साठ वॅट माझेही पडतात म्हणे. बहात्तराव्या वर्षी कोणी आपल्याला वॅटमध्ये मोजेल असं वाटलं नव्हतं.

फ्रीव्हीलसकट सगळा खर्च एकवीसशे रुपये. चीफनी मजुरी घेतली नाही, पुरणपोळ्या घेतल्या.

गेले पाच आठवडे एकही मंगळवार-शुक्रवार चुकलेला नाही. नाही म्हणायला एक नवी तक्रार आली आहे, ती मोठ्या बाईंची. पूर्वी घरघरीवरून त्यांना मी फाटकाशी आल्याचं कळायचं आणि त्या आत चहाचं सांगायच्या. आता मी एकदम खुर्चीशेजारी उभी राहते आणि त्या दचकतात. म्हणून जुन्या पद्धतीची पितळी घंटी लावून घेतली आहे.

तबकडी पाऊस लागला की अजून थोडी चर्रचर्र करते. तिचा नवीन तुकडा मागवला आहे. बॅटरी अजून दोन पावसाळे सहज काढेल असं चीफ म्हणतात, आणि हे वाक्य पुण्याच्या चिरंजीवांसाठी मुद्दाम इथे लिहिलं आहे.