भिंतीवरची नावे

छायाचित्रे काढण्याचा नाद मला उतारवयात लागला. त्याला कारण आमचे हिंजवडी. माझ्या बालपणी तेथे ज्वारीची शेते होती, मातीच्या भिंतींची घरे होती. आज तेथे संगणक कंपन्यांच्या उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत. एकदा आमच्या जुन्या घराची फार आठवण झाली. पण त्याचे एकही चित्र कोणापाशी मिळाले नाही. तेव्हा मनाशी ठरविले, की जे जुने अजून उभे आहे, ते तरी टिपून ठेवावे.

म्हणून मी लोणावळ्याची वाट धरली. घाटमाथ्यावरचे हे छोटे शहर. पण त्याच्या आसपासच्या डोंगरांत केवढे वैभव साठले आहे! कार्ले व भाजे येथील लेणी, लोहगड व विसापूर हे किल्ले, हे सारे मळवली स्टेशनापासून पायी जाण्याजोगे आहे. एका रविवारी माझी नात माझ्यासोबत निघाली.

कार्ल्याचा चैत्य पश्चिमाभिमुख आहे. आम्ही सकाळीच पोहोचलो. आत काळोख होता. छायाचित्र काढायचे, तर धीर धरावा लागतो. दुपार कलली, तसा पिंपळपानाच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून उजेड आत उतरला. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोन्ही बाजूंचे ३७ खांबांचे वळण घेणारे संचलन, टोकाचा स्तूप आणि छताच्या सागवानी कमानी हळूहळू दिसू लागल्या. ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षांचे आहे!

खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. त्यांची भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. ही नावे दात्यांची आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने त्याचे दार घडविले. कित्येक खांब तर यवनांनी दिले.

पुढच्या रविवारी आम्ही लोहगड चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी द्वारांची मालिका ओलांडून वर गेलो. २०२५ साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत आला. मी मोठ्या उत्साहाने तटाची छायाचित्रे घेतली.

घरी आल्यावर नातीने एक चित्र मोठे करून पाहिले आणि विचारले, "आजोबा, या दगडांवरही नावे आहेत. या माणसांनी गडाला काय दिले होते?"

मी निरुत्तर झालो. सहावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी याच गडावर आलो होतो. अणकुचीदार दगड घेऊन तटावर माझे नाव मी मोठ्या दिमाखाने कोरले होते. पुढे आयुष्यभर मुलांना शिस्त शिकविली. पण ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्या दिवशी नातीला सांगितली.

"म्हणजे तुम्ही काहीच दिले नव्हते?" तिने हळूच विचारले.

"काहीच नाही, बाळ. उलट, थोडे ओरबाडूनच घेतले."

त्या सुताराने आधी दार घडविले, मग त्याचे नाव दगडावर आले. मी मात्र नुसतेच नाव कोरले. घरातली भिंत पुन्हा सारवता येते. पण तटावरचा ओरखडा बुजविता येत नाही.

पुढे आम्ही दोघांनी निवडक छायाचित्रे एका वहीत चिकटविली आणि गावच्या शाळेला देण्याचे ठरविले. प्रत्येक चित्राखाली नातीने स्थळ व तारीख सुवाच्य अक्षरांत लिहिली. वही पूर्ण झाल्यावर शेवटच्या पानावर तिची लेखणी थबकली.

"आजोबा, आता माझे नाव लिहू?"

मी म्हणालो, "आता अवश्य लिही."